वर्गणीच्या पत्राची खालची ओळ

हॅलो?… हो, आशालताबाईच बोलतेय. कोण?… अगं भामा! मासळी बाजारातून बोलतेस का? केवढा तो गलका… नाही गं, आज सुरमई नको. घाईत आहे मी. दमयंतीबरोबर निघालेय, उमेदवारी मागे घ्यायला… हो, खरंच! तीनपर्यंतच मुदत आहे. ही काय, दारात उभी आहे माझ्या, चपला घालून.

अगं, मी तरी काय करू? तुमच्या बाजारावर छप्पर हवं म्हणून नगरपालिकेला उभी राहिली बिचारी. ना पक्ष, ना पैसा. म्हणून मी वर्गणीची पत्रं लिहिली. तीनशे पाकिटांवर पत्ते घातले या हातानं! बारा दिवस झाले, एक रुपया नाही, एक फोन नाही. तिनं काय समजायचं?… तेच समजली ती. म्हणते, बाई, लोकांना मी नकोच आहे.

काय म्हणालीस?… परत बोल, परत बोल. तुम्ही बायकांनी वर्गणी काढली होती? मग दिली का नाहीत?… "त्यांनाच नको हाय"? कोणी सांगितलं तुम्हाला?… पत्रात? माझ्या पत्रात? शक्यच नाही! 'यथाशक्ती मदत करावी' असं मी स्वतः लिहिलंय… हो, हो… अगं ऐक ना! पत्र जवळ आहे का?… पिशवीत आहे ना, मग काढ की. चष्मा लाव आणि वाच… वरचं नको, ते पाठ आहे मला. अगदी तळाला काय आहे?… सोनेरी अक्षरात?… हं… हं…

"कृपया आहेर आणू नयेत. आपली उपस्थिती हाच आमचा आहेर."

अगं बाई गं!… दमयंती, थांब जरा, जिना उतरू नकोस… तुला नाही गं भामा, तू बोल. हा विनायक ना, प्रेसवाला! लग्नाच्या पत्रिका छापतो तो. मीच त्याला म्हटलं, पत्रिकेसारखं देखणं कर. केलं त्यानं! पत्रिकेच्या तयार साच्यातच बसवलं सगळं… बघ तरी, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं नाही ना कुठे?… नाही? उपकार झाले.

हसू नकोस! तेहतीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडले, पेपर देण्याआधी परत वाचा म्हणून. आणि स्वतः? वरच्या चार ओळी पाहिल्या आणि घड्या घालत सुटले. त्या विनायकाला काय बोलणार, माझंच चुकलं.

बरं, ते पैसे आहेत ना अजून?… डब्यात? देव पावला. पण मला एक सांग, आम्हाला नकोत असं वाटत होतं, तर आज फोन कशाला केलास?… दमयंती घरी कधी असते, ते विचारायला? का गं?… ओटी? कुणाची?… आहेर नको म्हटलंय, ओटी नको असं कुठे लिहिलंय, म्हणतेस?… बरोबर आहे बाई, वकीलच व्हायला हवी होतीस तू! आणि पैशांचं पाकीट कुठे?… नारळाखाली. वा!

पण भामा… ऐक ना. तिच्या अविनाशरावांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तिची ओटी कोणी भरली नाही गं. सख्खी भावजय हळदीकुंकवाला बोलवत नाही तिला… माहीत आहे? तरीही?… सगळ्या जणी?… गोदूसुद्धा? ती तर रीतीभातीला केवढी कडक!… काय म्हणाली?… "आमी भरू, बघू कोन काय बोलतो."

नाही गं, रडत कुठे, सर्दी झालीय… आत्ता? बाजार सोडून?… किती जणी?… बावीस! अगं, माझ्या घरात पाट दोनच आहेत… बरं, बरं, बसा जमिनीवर. खांदा कॉलनीत रिक्षावाल्याला पाण्याची टाकी सांग, तिच्या समोरची बिल्डिंग… हो, इथेच आहे ती. कुठेही जात नाही. मी दार अडवून उभी राहते, तीन वाजून जाईपर्यंत.

ठेव आता, या लवकर… दमयंती, चपला काढ.