बेटावरचं वांगं

बारामती स्टँडवर कोऱ्हाळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर मालदीवच्या एका बेटावर बागकामाला असलेला, सुट्टीला आलेला सोमनाथ माळी आणि एक आबा बोलत होते.

"आबा, तीन वर्सांमागं बेटावर नुस्ती वाळू हुती. आता मोठं हॉटेल हाय, इमान पाण्यावर उतरतंय."

"आन् मी दिलेलं वांग्याचं बी?"

"खड्ड्यात नारळाचा भुसा भरला, ठिबक टाकलं. लागली की वांगी! गोरे पाव्हणे फोटू काढत्यात."

"बियाला एक थोरलं फळ राखलंस का न्हाय?"

"राखलं, चिंधी बांधून. हॉटेलच्या साहेबानं नेमकं तेच जेवायला मागितलं."

"आन् दिलंस?"

"न्हाय. म्हनलं, हे बियाचं हाय. तवापासनं चिंधी साहेबच बांधतोय."

"मग आता वसलं म्हणायचं तुमचं बेट!"