मंदारच्या जागी कोण?

यार, इथे अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या कंपनीत माणसं दोनच. कोड मंदार लिहितो, क्लायंटशी मी बोलतो. मध्यंतरी एक शेअर ब्रोकर आपल्या सिस्टिमला आमचं सॉफ्टवेअर जोडून घ्यायला तयार झाला, पण आधी एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता, 'मुख्य डेव्हलपर अचानक नसला तर काम कोण बघेल?'

मंदारची बायपास होऊन तीनच महिने झाले होते. मी तो रकाना रिकामा ठेवला.

त्याने ते पाहिलंच. "हे का सोडलंस?"

"नंतर भरू."

"अरे, मी गेलो तर काय, एवढंच विचारतायत. तुझं नाव लिही. मी शिकवतो तुला."

मग दीड महिना रोज सकाळी तो शिकवायचा आणि मी वहीत लिहून घ्यायचो. मंदारशिवाय मला जमतं का, हे बघायला ब्रोकरने टेस्ट ठेवली. त्या दिवशी त्यांची इंजिनिअर कॉलवर म्हणाली, "आज मंदारने काही बोलायचं नाही." तो हाताची घडी घालून शेजारी बसला. मी कनेक्शन जोडलं, शेअर खरेदीची एक टेस्ट ऑर्डर टाकली.

"कन्फर्म्ड," ती म्हणाली.

मंदारने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही. "आता मी निर्धास्त," म्हणाला.

"मग उद्या येऊ नकोस. फोन बंद कर आणि वहिनीला जेवायला घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे मंदार, दबक्या आवाजात. "सगळं चालू आहे ना रे?"

"चालू आहे," मी म्हटलं. "तू जेव."