आसरेचा जड दगड

(देवळीतलं घर, एकोणऐंशीचा उन्हाळा. दुपारी स्वयंपाकघरात सासू शकुबाई आणि सून वच्छला. वाटीतल्या पांढऱ्या भुकटीवर लिंबाचा थेंब पडतो आणि फस्स् असा बारीक आवाज होतो.)

शकुबाई : आइकलं? अजून बोलून राह्यली आसरा, पाण्याची देवी. अन् तू म्हणतं देव नाई.

वच्छला : आत्याबाई, तो वायू आहे. आंबट लागलं की असला दगड फसफसतो. मीच तर दाखवलं होतं सगळ्यांना.

शकुबाई : तूच दाखवलं, मंग आता कायले उलटून राह्यली? विहिरीत सुरुंग लावला, काळ्या खडकाच्या पोटातून हा निंघाला. सहा कोनांचा, दुधावानी. तुह्या जेठानं, माह्या थोरल्या रूपरावानं, शेंदूर लावून आसरेच्या जागी बसवला. पंधरा दिवस झाले, सारं गाव तीर्थ घेऊन राह्यलं.

वच्छला : तीर्थ! जवळ जाऊन पाहिलंत? शेंदराचा राप, त्यावर तेल, तेलावर चिकटलेल्या माशा. पिळलेल्या लिंबांचा ढीग सडतोय. ताम्हणात ते गढूळ पांढुरकं पाणी, आणि त्यातच पळी बुडवून लेकरांच्या हातावर. शी! सकाळी मला ओकारी आली.

शकुबाई : देवाच्या जागी ओकारी येते तुले?

वच्छला : देवाची नाही येत. आपली येते. माझी तर जास्तच.

शकुबाई : शेजारच्या कुंताबाईची रंजू आजारी पडली म्हणून म्हणतं नं तू? ऊन लागलं पोरीले.

वच्छला : उन्हाने पाय लुळे पडतात? काल उलट्या आणि जुलाब. आज म्हणते ओठांना मुंग्या येतात, आणि उभी केली की खाली बसते. आणि कुंताकाकू काय करताहेत? तीन पळ्यांच्या पाच केल्या!

शकुबाई : मंग? तूच भर ओसरीवर सांगतलं, हा नुसता चुन्याचा दगड, पोटात गेला तरी काई होत नाई. लोकं भेत होते तवा. तुह्या शब्दावर पेले.

वच्छला : हो. माझ्याच शब्दावर. पांढरा आहे, फसफसला, की चुन्याचं कॅल्साइट म्हणून मोकळी झाले. आपल्याकडे किती विहिरींत निघतं, तेच असणार. नागपूरला राहून भूगर्भशास्त्र शिकले आणि दगड हातात धरून तोलला नाही.

शकुबाई : तोलून काय होते?

वच्छला : हा घ्या. सकाळी त्याचा मागचा कोपरा फोडून आणला मी. आणि या हातात हे आपल्या जुन्या विहिरीतलं साधं कॅल्साइट. आकार सारखाच आहे.

शकुबाई : फोडला? आसरेचा दगड फोडला तू?

वच्छला : आधी तोलून बघा. मग काय बोलायचं ते बोला.

शकुबाई : ...बाप्पा. हा तं शिशावानी लागते.

वच्छला : तेच. कॅल्साइट एवढं जड नसतं. फुटलं की त्याच्या तिरक्या, गुळगुळीत वड्या पडतात. हा बघा कसा वेडावाकडा फुटलाय. आणि तुमचे ते सहा कोन, तेही खरे नाहीत. तीन स्फटिक एकमेकांत घुसून वाढलेत, म्हणून सहा बाजूंचा दिसतो. या जातीची खोडच ती.

शकुबाई : दगडाची कायची जात?

वच्छला : माणसांची नसावी, दगडांची असते. फसफसणारे ते कार्बोनेट, हे कूळ झालं. त्यात हे तीन भाऊ एका ठेवणीचे. अ‍ॅरागोनाइट, स्ट्रॉन्शियानाइट आणि विदराइट. पहिले दोघे पोटात गेले म्हणून कोणाचे पाय जात नाहीत. तिसरा दुर्मीळ. सरांनी डबीतला एकच खडा दाखवला होता, तोही परदेशातला. म्हणून ते नाव माझ्या मनाला शिवलंच नाही.

शकुबाई : अन् थो तिसरा काय करते?

वच्छला : त्यात बेरियम असतं. विष म्हणून उंदरांना घालायचे.

शकुबाई : शुभ बोल वं.

वच्छला : बोलते. आधी बघू. पंपाचा स्टोव्ह पेटवलाय. ही हीटरच्या स्प्रिंगची तार. रंग उठावा म्हणून भुकटीत कल्हईवाल्याचा नवसागर कालवलाय. जाळ विटकरी झाला तर पहिला भाऊ, लालभडक झाला तर दुसरा.

शकुबाई : शी शी शी! काय घाण सुटली! मुतारीवानी.

वच्छला : नवसागराची आहे. पदर लावा नाकाला. बघा आता.

शकुबाई : ...माय वं. हिरवा.

वच्छला : पोपटी. तिसराच भाऊ, बेरियमवाला.

शकुबाई : आसरेले हिरव्याच बांगड्या वाहतो आपण. तिचाच रंग आहे थो.

वच्छला : आत्याबाई...

शकुबाई : अन् ताम्हण तांब्याचं. तांबं जाळात गेलं का हिरवं दिसते. पायलं आहे म्या, मले नको शिकवू.

वच्छला : बरोबर बोललात. म्हणून तर आतला कोरा भाग कुटला. त्याला ना ताम्हण लागलं, ना शेंदूर. नुसत्या नवसागराची तारही आधी धरून पाहिली. रंग नव्हता.

शकुबाई : म्हणजे जहरच.

वच्छला : दगड नुसता पुजला असता तर बसला असता बिचारा. लिंबाने तो पाण्यात उतरतो. आणि लिंबू पिळायला यांना शिकवलं कोणी?

शकुबाई : तीर्थ वाटाले लागले तवा काऊन नाई टोकलं? नुसती घाण म्हणून तरी टोकतं! मी सांगू? बाया तुह्या पाया पडून राह्यल्या होत्या. वच्छलेच्या हातानं आसरा बोलली म्हणत. गोड लागलं तुले.

वच्छला : लागलं. लग्नाच्या सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं, तू काय शिकलीस म्हणून. आता आठवलं की स्वतःची शिसारी येते.

शकुबाई : बस झालं. रडू नको आता. याले उतारा काय?

वच्छला : डॉक्टरला नाव कळलं पाहिजे, नाहीतर ते हगवणीचंच औषध देत बसतील. जुलाबाचं विलायती मीठ असतं, ते पोटातलं विष बांधून टाकतं असं वाचलंय. पण देणार डॉक्टर, मी नाही. आता माझ्या अकलेने काही नको. चिठ्ठी लिहिलीय, तुकडा पुडीत बांधलाय. दोनच्या बसने रंजूला वर्ध्याला नेते.

शकुबाई : ओसरीवर रूपराव बसला आहे. शुक्रवारच्या पूजेचे निरोप पवनारपावेतो गेले त्याचे. चिरून टाकन तो तुले. मांगच्या दारानं जाय.

वच्छला : नाही. पुढच्याच दाराने. चुकीचं सांगितलं ते सगळ्यांसमोर, आता हेही सगळ्यांसमोर सांगणार.

शकुबाई : मंग थांब. ताम्हण मी पालथं करतो. माह्यावर हात नाई उचलनार तो. तू पोरीचं पाह्य.

छबू : आई! तू कुठं चालली? मीबी येतो.

वच्छला : छबू, इकडे ये, माझी चिमणी. ओठ बघू. मुंग्या येतात? पाय दुखतात? खरं सांग, मी रागावणार नाही. तू तीर्थ घेतलंस का गं?

छबू : नाई. तू म्हटलं होतं नं, तिथं घाण असते, तू नको घेऊ. काकाजी हातावर द्याचे, मी माह्यंवालं रंजूले देऊन द्याचो.

वच्छला : रोज?

छबू : रोज. तिले नको वाटे, कडू आंबट लागते म्हणे. मी म्हटलं, पेय वं, माही आई कॉलेजात शिकली, ती म्हणते काईच होत नाई. मंग पे ती.

शकुबाई : वच्छला, लेकरू आहे ते. ऊठ. बस निंघून जाईन.

वच्छला : उठते. छबू, माझा पदर सोड, राणी.

छबू : आई, रंजू चालाले लागली का मंग कट्टी कोणाशी घेईन? माह्याशी का तुह्याशी?