वैजूताईंचा होकार

मंडळी, ज्या सकाळी ते कळलं, तिथूनच सुरू करतो. पण आधी एक विचारतो. न बघता दिलेला होकार – त्याला होकार म्हणायचं का? मनात ठेवा आणि ऐका.

सोमवार होता. सांगलीतलं एक ऑफिस, तिथं संगणकाचे प्रोग्राम लिहितात. फोन वाजला. एक आई विचारत होती, "माझ्या जुईला रक्त चढवायची तारीख उलटली की हो. तुमचा मेसेज कसा नाही आला?"

थॅलेसेमियाची लेकरं ही. वेळेवर रक्त मिळालं नाही तर लेकरू फिकट पडतं, धाप लागते. कुणाची पाळी कधी, हे आईबापांना कळवायचं काम या टीमच्या प्रोग्रामचं. आणि आठवडाभर एकही मेसेज गेला नव्हता! कुणाला पत्ता नाही.

आता त्यांची रीत सांगतो. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं, होकार द्यायचा, मगच ते चालू करायचं. आपल्यापेक्षा बरं की! आपण लग्नपत्रिका छापून आल्यावर वाचतो.

मागच्या आठवड्यात शाल्मली नावाच्या मुलीनं एक बदल केला होता, त्यात चूक राहिली. टीमचा प्रमुख मकरंद म्हणाला, भांडण नंतर, आधी पोरं. सगळे फोनला बसले. कुणी आपणहून जाऊन आलेलं, कुणी लगेच निघालं. जुईलाही आईनं रिक्षात घातलं. एकच फोन लागेना – जतकडचा, समर्थ नावाच्या मुलाच्या घरचा. बंद. पुन्हा लावला – बंद.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, हे वाचलं कुणी होतं? मकरंदनं पडद्यावर पाहिलं आणि पडदा शाल्मलीकडे वळवला. ती म्हणाली, "वैजूताईंचा होकार आहे."

मंडळी, वैजूताई म्हणजे वैजयंती. माझी बायको, याच टीममधली. ती दिवाळीआधी गेली. हे घडलं संक्रांतीनंतर.

झालं होतं असं. दवाखान्यात खाटेवर पडूनसुद्धा ती सगळ्यांचं काम वाचायची. मी रागवायचो. ती म्हणायची, "अहो, न वाचता हो कसं म्हणू?" पुढे डोळे उघडेनात. काम अडू नये म्हणून टीमनं तिच्या नावाचा होकार आपोआप पडेल असं करून ठेवलं, चार दिवसांपुरतं. मग ती गेली, आणि ते काढायला कुणाचा हात होईना. नाव दिसलं की त्यांना बरं वाटायचं. हळूहळू वाचायचंच राहिलं. ताईंनी पाहिलंय ना!

इकडे मकरंदनं समर्थच्या गावच्या आशा-सेविका ताईंना गाठलं. समर्थ अंथरुणाला लागला होता. त्यांनी जीप करून त्याला आणलं. संध्याकाळी रक्त चढलं. वाचला पोरगा.

आता तुमच्याकडे वळतो. म्हाताऱ्याच्या गोळ्या संपल्या का? सून बघेल. पोरगी जेवली का? आई बघेल. आणि कुणीच नसलं, तर देव आहेच बघायला! ज्याच्यावर आपला जीव, त्याच्याच नावावर आपण डोळे मिटतो. जी न वाचता हो म्हणत नव्हती, तिच्या नावावर न वाचलेलं खपलं.

आपोआपचा होकार त्यांनी त्याच दिवशी बंद केला. वाचणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव तेवढं राहिलं. मकरंद घरी आला होता. म्हणाला, "बुवा, तुम्ही हो म्हणाल तर काढतो."

मी अजून हो म्हटलेलं नाही. तिचं नाव तिथंच आहे.