येसाजींच्या नाकातली गुठळी

(कर्जतमधला कान-नाक-घशाचा दवाखाना. खुर्चीत येसाजी, शेजारी त्यांची बायको छाया.)

डॉ. ऋजुता : मान वर करा. आणखी. हे नाकात काय कोंबलंय?

येसाजी : कापूस हाय. हळद लावल्याला.

डॉ. ऋजुता : तेल-मोहरी तेवढी राहिली. मी नाकातलं वाकडं हाड सरळ करून दिलं, तुम्ही त्याचं लोणचं घातलंत.

येसाजी : रक्त थांबंना, म्हनून.

डॉ. ऋजुता : शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जोर करायचा नाही. मराठीतच सांगितलं होतं ना मी?

येसाजी : शिंकरलो नाय मी.

छाया : खरं हाय, डॉक्टरीनबाई. शिंकरले नायत. शंख फुकला.

डॉ. ऋजुता : काय?

छाया : कळंबला गावदेवीची पालखी निघाली. शंखाचा मान आमच्या घराचा. ह्यांनी गालफडं फुगवली, नि शर्टावर धार.

डॉ. ऋजुता : अहो, ऑपरेशनला आठवडा नाही झाला!

येसाजी : मग काय करू? मी नाय फुकला तर चुलतभाऊ फुकनार. किशोर. टपूनच बसलाय. तो फुकतो तवा शंख वाजत नाय, सायकलचा पंप मारल्यावानी वाटतं.

डॉ. ऋजुता : आणि तुमचा ऐकून देवी माहेरी येते वाटतं.

येसाजी : रक्त गेलं ते बरंच झालं म्हना. घान रक्त ते. आमच्या आज्याचा दर उन्हाळ्यात घोळणा फुटायचा, पन कदी डोकं दुकलं नाय.

डॉ. ऋजुता : मग आजोबांकडूनच ऑपरेशन करून घ्यायचं होतंत.

येसाजी : नि रक्त गोठल्याबिगर जखम भरत नाय, असं तुमीच बोललात. आता आत गोठलंय. म्हंजे भरंल.

डॉ. ऋजुता : अर्धंच ऐकायचं, आणि तेही सोयीचं. तुमच्या रिसॉर्टच्या बाथरूमला टाइल्स आहेत ना?

येसाजी : इटालियन.

डॉ. ऋजुता : नेरळच्या दुकानातल्या इटालियन. मागे सिमेंट किती लावलं?

येसाजी : पातळ थर. लई झालं तर टाइल धरत नाय.

डॉ. ऋजुता : आणि मागे पाणी साचलं तर?

येसाजी : सुटंल. पोकळ वाजंल.

डॉ. ऋजुता : शाब्बास. गवंड्याचं कळतं, डॉक्टरचं कळत नाही. नाकाच्या मधल्या पडद्यात मऊ हाड असतं. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. दोन्ही अंगांनी जे अस्तर चिकटलेलं असतं, त्याच्यावर ते जगतं. रक्ताचा पातळ थर ते अस्तर परत चिकटवतो. तुम्ही फुंकून फुंकून आत चमचाभर रक्त साचवलंत. अस्तर सुटलं, हाड उपाशी. ही गुठळी आज काढली नाही तर ते विरघळेल आणि नाक बसेल.

येसाजी : बसंल म्हंजे?

डॉ. ऋजुता : माथेरानच्या घोड्यावर खोगीर ठेवतात, तिथे खळगा असतो बघा. तसं. शिवाय श्वासही धड नाही.

येसाजी : मग काढा की. पन उद्या पालखी परत येनार हाय. सकाळच्याला एकदाच फुकतो नि लगेच येतो.

डॉ. ऋजुता : या की. येताना जुना फोटो आणा. नाक कुठे होतं ते मला आठवायला नको.

छाया : अवो, बसा ना गप.

येसाजी : तुला काय कळतंय गं? किशोऱ्याच्या हातात शंख गेला की परत येनार नाय. त्याचा बा तसाच. आमचा पाटा वापरायला नेला, तो परत दिलाच नाय; त्याच्या सुनंनं बी त्याच्यावरच वाटन वाटलं. असली माणसं ती! शंख एकदा त्या घरात गेला की—

छाया : गेलाय.

येसाजी : काय गेलाय?

छाया : शंख. इकडं निघायच्या आदी मीच त्यांच्या देवाऱ्यात ठेवून आले.

येसाजी : कुनाला इचारून?

छाया : तुमच्या नाकाला.

डॉ. ऋजुता : हलू नका. तोंडाने श्वास घ्या. सुई टोचेल.

येसाजी : ...हसला आसंल.

छाया : नाय.

येसाजी : मग काय बोलला?

छाया : दादाचं नाक कसं हाय, इचारलं. मी बोलले, काय खरं नाय. तर भावजी तसेच निघाले आपल्या मागनं. भायेर बाकड्यावर बसलेत.