शिवाप्पांनी स्वतःच मोटार बंद केली

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा — माणसानं अभिमान बाळगावा, का टाकावा?

काय म्हणता काका? टाकावा! बघा, लगेच उत्तर! कीर्तनाला बसलं की सगळ्यांचं उत्तर एकच — टाकावा! आणि बाहेर कुणी आपली चप्पल सरकवली की? "मी कोण आहे माहीत आहे का तुला?" हसू नका, माझीही गत तीच आहे! पण आज मी उलटं सांगायला उभा आहे. मी म्हणतो, अभिमान बाळगावा! छाती काढून बाळगावा! फक्त एक अट आहे. ती अट काय, ते मिरजेच्या शिवाप्पा हिंगमिऱ्यांकडून समजून घेऊ. ऐका!

शिवाप्पा कोण? पाणीपुरवठ्याचे वॉल्व्हमन! शहराच्या उंच टाकीची चावी एकतीस वर्षं ह्या माणसाच्या हातात. एकतीस वर्षांत टाकी एकदाही भरून वाहिली नाही, आणि एकदाही अर्धी राहिली नाही. अर्धी राहिली तर काय होतं, ते ह्या बायकांना विचारा! रिकामी घागर घेऊन सगळी गल्ली वॉल्व्हमनच्या दारात! म्हणून शिवाप्पांचा धर्म एकच — टाकी काठोकाठ भरायची, पण थेंब सांडायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल घातली आणि म्हणाले, "ह्या माणसानं थेंब सांडला नाही." झालं! शिवाप्पा शाल घेऊन घरी आले, आणि ते वाक्यही घेऊन आले. गिरिजाबाईंच्या हातून बशीत चहा सांडला, की सुरू — "एकतीस वर्षं थेंब सांडला न्हाई आमच्या हातनं!"

आता असा माणूस रिकामा बसला तर काय करणार? मालवणला लेकीकडे गेले. काचेच्या बुडाच्या होडीत बसले, आणि खाली बघतात तो रंगीत मासे! परत येताना एकच धोशा — "हे आपल्या घरात पायजे!" अहो, मिरजेत समुद्र? कुठं समुद्र, कुठं मिरज! पण ऐकतील ते शिवाप्पा कसले! हॉलमध्ये पाच फुटांची काचेची टाकी आली. मीठ विरघळवून खारं पाणी केलं. खाली कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपातून खाली उतरायचं, तिथं गाळलं जायचं, आणि मोटार ते दुसऱ्या पाइपानं परत वर ढकलायची. दिवसभर फेरी चालू! नारिंगी मासे, पिवळे मासे — अख्खी गल्ली बघायला लोटली. शिवाप्पा मुद्दाम खालचं कपाट उघडून दाखवायचे. "ही पण काठोकाठ! अर्धी टाकी ठेवणारा मी न्हवे!"

चुकलं कुठं, आलं का लक्षात? नाही ना? त्यांच्याही नव्हतं आलं!

आता खालच्या मजल्यावर चला. तिथं दस्तगीरचाचांचं दुकान. चाचा तंबोरे करायचे. वय पंच्याहत्तर, हात कापायला लागलेला. तंबोऱ्यांची एक जोडी करायला घेतली होती आणि सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "ही शेवटची. ह्याच्यापुढं हात चालायचा नाही." भोपळे कोरून झाले, नक्षी झाली, पॉलिश चढत होतं. म्हणजे बघा — वर पाच फुटांचा समुद्र, आणि बरोबर त्याच्याखाली एका म्हाताऱ्या कारागिराची शेवटची जोडी!

आणि एका दुपारी लाईट गेली!

मोटार थांबली. पाणी वर जायचं थांबलं. पण खाली यायचं थांबलं का? नाही! उलट, ज्या पाइपानं मोटार पाणी वर ढकलायची, तोच पाइप पाणी उलटं खाली ओढायला लागला! ड्रममधून नळीनं रॉकेल काढायचो ना आपण, तसंच! खालची टाकी तर आधीच काठोकाठ. पाणी जाणार कुठं? कपाटातून फरशीवर, फरशीच्या सांध्यातून खाली! गिरिजाबाईंनी चादरी टाकल्या, गोधड्या टाकल्या, हाताला येईल ते टाकलं — अहो, सत्काराची शालसुद्धा टाकली पाण्यात!

शिवाप्पा धावत खाली गेले. छतातून खारं पाणी टपकत होतं. तंबोऱ्यापासून वीतभर अंतरावर! चाचा भांडले का? भांडले असते तर बरं झालं असतं. चाचा स्टुलावर चढले आणि कापऱ्या हातांनी जोडीच्या वर प्लास्टिकचा कागद बांधायला लागले. म्हणाले, "असू दे अप्पा. मशीनचं काम, परत पाणी येणारच. मी आपला झाकून ठेवतो."

परत येणारच! मंडळी, शिव्या परवडल्या. पण शेजाऱ्यानं शांतपणे आपल्यावरचा भरवसा काढून घेतला, तर माणसानं जावं कुठं? त्या दिवशी शिवाप्पा जेवले नाहीत.

गिरिजाबाईंना राहवेना. "अवो, एक बोलू? दूध तापवताना मी पातेलं काठोकाठ भरते का? वर येणाऱ्या दुधाला जागा ठेवते. तुमच्या खालच्या टाकीत जागा कुठं हाय?"

घ्या! वॉल्व्हमनला पाणी शिकवलं! शिवाप्पांनी उठून खालचं कपाट उघडून बघितलं. मग हळूच म्हणाले, "खरं हाय तुझं." हे तीन शब्द, मंडळी — लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा! कुठल्या घरात अजून बाकी असतील तर आज उरकून घ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाप्पांनी खालची टाकी बादल्यांनी उपसून निम्मी केली. आणि मग काय केलं? लाईट जायची वाट बघितली? छे! स्वतःच्या हातानं मोटारीचं बटण बंद केलं आणि कपाटासमोर मांडी घालून बसले. पाणी चढतंय... चढतंय... काठाच्या दोन बोटं खाली थांबलं.

"झालं की!" गिरिजाबाई म्हणाल्या.

"दोन बोटांवर मी कुणाचा तंबोरा ठेवणार न्हाई." अजून बादल्या उपसल्या, पुन्हा बटण बंद. आता चांगली वीतभर जागा उरली. मग मोटार चालू केली, पाणी जिथं टेकलं तिथं तांबड्या रंगाची रेघ मारली — ह्याच्या वर पाणी भरायचं नाही. वर ढकलणाऱ्या पाइपाला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं. पाणी थोडं उतरलं की भोक उघडं पडणार, हवा शिरणार, उलटी ओढ तिथंच तुटणार. भोकात शेवाळ बसतं, म्हणून दर रविवारी ते दाभणानं साफ. देवपूजा चुकेल, दाभण चुकणार नाही!

तेवढ्यावर थांबले? नाही! "खाली उतरणारा पाइपच तुंबला तर? मोटार वर ढकलत ऱ्हाणार, वरची टाकी वाहणार!" म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बसवली आणि जरा वर दुसरा मोकळा पाइप जोडला. आणि मग, मोटार चालू असताना, पहिल्या पाइपात फडक्याचा बोळा कोंबला!

"अवो, काय करताय!" गिरिजाबाई ओरडल्या.

"आज मी हितं हाय म्हणून करतोय. मी नसताना तुंबला तर?"

पाणी चढलं... आणि गुडगुडत दुसऱ्या पाइपानं खाली उतरलं. फरशी कोरडी!

आता त्यांनी खाली जाऊन सांगितलं का — चाचा, काढा तो कागद? नाही सांगितलं. भरवसा मागून मिळत नाही, हे त्या माणसाला कळत होतं. कागद तसाच राहिला.

महिन्याभरानं जोडी तयार झाली. सकाळी अकराला एक गायिका ती न्यायला आल्या. दुकानात पाचसात माणसं, शिवाप्पाही कोपऱ्यात बसलेले. चाचांनी तारा लावायला घेतल्या, आणि पंखा थांबला. लाईट गेली!

सगळ्यांच्या माना वर! चाचांचीसुद्धा! आणि शिवाप्पा? धावले? उठले तरी? नाही! म्हणाले, "चाचा, तारा लावा. आता पाणी यायचं न्हाई."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. अर्धा तास गेला. छत कोरडं ठणठणीत! चाचा उठले, स्टुलावर चढायला लागले. लोक म्हणाले, आम्ही काढतो. "नको. मी बांधला, मीच काढणार!" कागद सोडला, नीट घडी केली, आणि शिवाप्पांच्या हातात दिली. मग बरोबर त्या छताखाली, उघड्यावर बसून, त्यांनी तंबोरा छेडला! शिवाप्पांची छाती भरून आली. एकतीस वर्षांत एवढा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता, त्या शालीच्या दिवशीसुद्धा नाही!

हा अभिमान टाकावा म्हणता? मी नाही टाकू देणार! साहेबांनी दिलेला अभिमान ऐकीव होता, हा स्वतःच्या हातानं बटण बंद करून तपासलेला आहे. हीच अट, मंडळी! तुम्ही म्हणता, माझं घर कसं सुरळीत चाललंय! चाललंय हो, कारण कुणीतरी रोज राबून ते चालवतंय. पहाटे उठणारी आई असेल, बायको असेल, तुम्ही स्वतः असाल. ते माणूस एक दिवस थांबलं तर घरात काय होतं, कधी बघितलंय? त्या माणसाला एक दिवस बसवलंय खुर्चीत?

ज्यांनी बघितलंय त्यांनी ताठ मानेनं उभं राहावं, मी इथून नमस्कार करतो... काय हो? कुणीच उठत नाही? बरं, मीही बसतो तुमच्यात. उचला टाळ, म्हणा विठ्ठल, विठ्ठल! आणि मावशी, उद्या तुम्ही बसून राहायचं. बघू दे जरा घराला!