झडप कुठाय?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपले प्राचार्य साहेब, व्यासपीठावरचे विश्वस्त, सत्काराच्या खुर्चीत अवघडून बसलेले आमचे सर, पहिल्या रांगेतल्या वहिनी, दोन्ही विभागांतले सहकारी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशीच घोळका करून उभे असलेले विद्यार्थी मित्रहो,

निवृत्त होणाऱ्या सरांविषयी मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. चार शब्दांत आटोपेन अशी माझी ख्याती नाही. सरांचं मात्र सगळं आयुष्य दोनच शब्दांत भागलं. कोणते? बघा, दारातून उत्तर आलंसुद्धा. "झडप कुठाय?"

पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करते. सर इमारतीच्या पोटातलं शिकवतात: नळ, सांडपाणी, वायरिंग, हवेचे डक्ट. मी अंतर्गत सजावट शिकवते, म्हणजे सरांनी बसवलेलं झाकायला शिकवते. आणि झडप म्हणजे, झाकलेल्या वस्तूपर्यंत दुरुस्तीसाठी हात पोचावा म्हणून भिंतीत किंवा छतात ठेवलेलं छोटं दार. मी इथे नवीन असताना मला हा अर्थ ठाऊक नव्हता. एक अनोळखी गृहस्थ वर्गाच्या दारात येऊन "झडप कुठाय?" असं गरजले, तेव्हा ते काही विचारताहेत की माझ्यावर घालणार आहेत, हेच मला कळेना.

आमच्या दोन विभागांना कार्यशाळा एकच. ही सरांची कल्पना. नळ बसवणाऱ्याने आणि तो झाकणाऱ्याने एकमेकांचं तोंड बघत शिकावं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी रंगसंगती समजावत असते तेव्हा पलीकडे ड्रिल सुरू असतं. आमच्या पडद्यांच्या नमुन्यांवर सिमेंटची धूळ बसते, आणि आमचं फेव्हिकॉल सरांच्या पान्यांना चिकटतं. भांडणं झाली का? रोज झाली. ती मी कौतुकाने आठवते की तक्रारीने, हे भाषण लिहून काढतानाही मला नीट ठरवता आलं नाही.

एकदा माझ्या विद्यार्थ्यांनी एका भिंतीला लाकडी पॅनेलिंग केलं. कुठे सांधा दिसेल तर शपथ! सर आले, बोटांनी ठकठक केलं, कान लावला.

"सुरेख. आता आतला नळ गळला तर?"

"नाही गळणार, सर."

"का? नळ तुमचा विद्यार्थी आहे, सांगितलं की ऐकायला?"

मी म्हटलं, "सर, माणूस घरात राहायला येतो. पाइप बघत बसायला नाही."

"राहायला येतो म्हणूनच सांगतोय, मॅडम."

आणि सरांनी खिशातला खडू काढून माझ्या त्या देखण्या लाकडावर चौकोन आखला. मी चिडले. मुलांना म्हटलं, झडप करू या, पण अशी, की सरांनाही सापडता कामा नये. मुलांनी लाकडाच्या रेषेला रेष जुळवली, बिजागरी आत लपवली. दुसऱ्या दिवशी सर ठकठक करत ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. पुन्हा उलटे फिरले. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं, कुठाय?" त्या "बरं"साठी मी या नोकरीत टिकले असं म्हटलं, तर अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

वहिनी, तुमची परवानगी गृहीत धरून सांगते. सरांच्या घरी एकही पाइप झाकलेला नाही. गार पाण्याचा निळा, गरम पाण्याचा लाल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनी कानात म्हणाल्या, "येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, काम कधी संपणार? तुम्हीच एकदा येऊन आमचं घर झाका हो!" सर आतून ओरडले, "झाका, पण झडप ठेवा!"

आता थोडं अवघड बोलते. अध्यक्ष महाराज, आमची भांडणं तुमच्या खोलीपर्यंत ऐकू जात होती. तुम्ही मायेने ठरवलंत, की सर गेल्यावर सुट्टीत कार्यशाळेच्या मधोमध भिंत घालावी. इकडे नळ, तिकडे पडदे. साहेब, शेजारची बहीण-भावंडं भांडताहेत म्हणून त्यांच्या घरात कुणी भिंत घालतं का? सरांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी चाललोच आहे. आता मी कशाला बोलू?" आणि पाने पुसत बसले. ते पाने स्वच्छच होते.

मग तुम्ही त्या भिंतीचा आराखडा दोन्ही विभागांच्या मुलांना मिळून करायला सांगितलात. मुलं आज्ञाधारक आहेत. त्यांनी भिंत आखली. भिंत पाण्याच्या लाइनीवरून जाते, तिथे झडप. हवेचा डक्ट भिंतीतून जातो, तिथे झडप. वायरी, सांडपाणी, तिथेही झडपा. सरांचा नियम असा, की अवजारं घेतलेला माणूस आत शिरला पाहिजे. म्हणून सगळ्या मोठ्या. माझी मुलं म्हणाली, लहानमोठ्या वाईट दिसतात. सगळ्या सारख्या उंचीच्या करा, एका ओळीत घ्या. दोन्ही विभागांचे सगळे नियम पाळले गेले.

काल तो आराखडा आम्ही सरांसमोर ठेवला. सरांनी चष्मा वर केला, खाली केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या झडपा, घडी करून बाजूला सरकणाऱ्या. बराच वेळ बोट फिरवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सरांनी वेगळा प्रश्न विचारला:

"भिंत कुठाय?"

एक मुलगी म्हणाली, "सर, जागाच उरली नाही."

सर खिडकीकडे गेले आणि खूप वेळ चष्मा पुसत राहिले.

साहेब, तोच आराखडा तुमच्यासमोरच्या पुष्पगुच्छाखाली आहे. सगळीकडे झडपा आहेत. सहीची जागा तेवढी उघडी ठेवली आहे. साहेब हसताहेत... हसणं म्हणजे होकार धरू, की नुसतं सौजन्य? साहेब खिसे चाचपताहेत. आणि हे बघा, सरांनी कानामागची पेन्सिल काढून पुढे केली!

सर, पेन्सिल नको. पेन्सिलीचं खोडता येतं. कुणीतरी पेन द्या.

झाली सही! दारातल्यांनो, टाळ्या पुरे, छत खाली येईल. ते तुम्हीच बसवलंय.

सर, आता कार्यशाळा एकच राहणार आहे. कधीही या आणि भांडा. आपण सर्वांनी मला इतका वेळ ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाविषयी कमी-जास्त बोलले असेन, तर उदार मनाने पोटात घाला. फक्त सरांची एक अट आहे: घालाल तिथे झडप ठेवा.